रेन्वारचे हात

१९१५ साली फ्रान्समध्ये साशा गित्री या तरुण नाटककाराने एक छोटा मूकपट तयार केला. आपल्या देशातील थोर कलावंत काम करताना कसे दिसतात हे पुढच्या पिढ्यांसाठी टिपून ठेवावे, हा त्याचा हेतू. त्या मूकपटात काही क्षण एक वृद्ध चित्रकार दिसतो. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, खुर्चीला खिळलेले कृश शरीर आणि ओठांत सिगारेट. त्याच्या हातांकडे मात्र पाहवत नाही. बोटे तळव्याकडे वळून मिटलेली आहेत, सांधे गाठींसारखे फुगले आहेत. शेजारी उभा असलेला त्याचा चौदा वर्षांचा मुलगा त्या मिटलेल्या बोटांत कुंचला बसवून देतो. मग तो हात हलू लागतो, कुंचला कॅनव्हासवर भराभर फिरू लागतो, आणि चेहऱ्यावर वेदनेऐवजी कामात रमलेल्या कारागिराची तन्मयता दिसते.

हा प्येअर ओग्यूस्त रेन्वार. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांच्या मेळ्यातील सर्वांत आनंदी रंगांचा धनी. नृत्य, नौकाविहार, बागेतील ऊन, लहान मुलांचे गाल आणि स्त्रियांची कांती यांच्या चित्रांनी जगभरची संग्रहालये सजवणारा हा कलावंत आयुष्याची अखेरची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे एका दुर्धर व्याधीशी झगडत होता. तिला वैद्यकात रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे घरोघरी तिला संधिवात किंवा आमवात या नावांनी ओळखतात. ही व्याधी रेन्वारलाच का जडली, आणि जडल्यावर त्याने तिचे काय केले, हे दोन प्रश्न त्याच्या चरित्रात एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हयातीत कोणाला देता आले नाही. दुसऱ्याचे उत्तर तो रोज सकाळी कॅनव्हाससमोर बसून देत राहिला.

रेन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोझ या गावी झाला. लिमोझ हे चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसाठी प्रसिद्ध. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. सुई, कात्री आणि खडू यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या मुलाला हातांच्या कसबाचा आदर जन्मापासूनच मिळाला. पुढे कुटुंब पॅरिसला आले आणि वयाच्या तेराव्या वर्षी ओग्यूस्तला चिनी मातीची भांडी रंगविणाऱ्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून घातले. बशांच्या कडांवर फुले काढायची, कपांवर राणीचा चेहरा उमटवायचा, आणि हे सारे इतक्या सफाईने की एकही रेष पुसावी लागू नये. चारेक वर्षांत यंत्राने नक्षी छापण्याची पद्धत आली आणि हाताने रंगविणाऱ्यांची गरज संपली. मग त्याने पंखे रंगविले, पडदे रंगविले, आणि फावल्या वेळात लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रकारांची चित्रे डोळ्यांत साठवली.

साठवलेल्या पैशांच्या बळावर १८६२ साली तो चित्रकलेच्या शिक्षणाकडे वळला. ग्लेर या चित्रकाराच्या कार्यशाळेत त्याला तीन मित्र भेटले : क्लोद मोने, आल्फ्रेद सिस्ले आणि फ्रेदेरिक बाझीय. पुढच्या काळात यांनी मिळून चित्रकलेचा इतिहास बदलला. पण तेव्हा त्यांच्या खिशात रंगांपुरतेही पैसे नसत. बाझीय त्यातल्या त्यात सधन. त्याच्या खोलीत रेन्वारने कित्येक दिवस काढले. १८६९ च्या उन्हाळ्यात सेन नदीकाठी ला ग्रनुयेर या जलविहाराच्या ठिकाणी रेन्वार आणि मोने शेजारी शेजारी बसून पाण्यावरचे प्रकाशाचे तुकडे रंगवीत होते. दृक्‌प्रत्ययवादाची पहाट तिथे झाली असे मानतात. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. बाझीय रणांगणावर पडला. घोडदळात गेलेला रेन्वार आजारी पडून परतला.

१८७४ साली छायाचित्रकार नादारच्या जागेत या मित्रांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून टीकाकाराने उपहासाने दिलेले नाव चळवळीलाच चिकटले. रेन्वारने त्या प्रदर्शनात नाट्यगृहाच्या कक्षात बसलेल्या जोडप्याचे चित्र मांडले होते. १८७६ साली त्याने मोंमार्त्रच्या एका बागेत रविवारी दुपारी नाचणाऱ्या कामकरी तरुण-तरुणींचे मोठे चित्र केले. झाडांच्या पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे नाचणाऱ्यांच्या खांद्यांवर, टोप्यांवर आणि जमिनीवर उतरले आहेत. १८८०-८१ मध्ये नौकाविहारानंतरच्या भोजनाचे चित्र झाले. त्यात लहानग्या कुत्र्याशी खेळणारी तरुणी आहे ती आलीन शारिगो. पुढे ती त्याची पत्नी झाली. प्येअर, जाँ आणि क्लोद अशी तीन मुले त्यांना झाली.

१८९० नंतर दिवस पालटले. कलाविक्रेता द्युराँ-र्युएल याने अमेरिकेपर्यंत चित्रे नेली होती, ग्राहक येऊ लागले होते. १८९२ साली खुद्द फ्रेंच सरकारने त्याचे एक चित्र विकत घेतले. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला आता निश्चिंत मनाने काम करता येणार होते. नेमक्या याच सुमारास हातांचे सांधे दुखू लागले.

घरच्यांच्या आठवणीत या आजाराची सुरुवात मात्र १८९७ मधली आहे. त्या वर्षी एस्वा या पत्नीच्या गावी रेन्वार सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. प्लास्टर काढल्यावरही दुखणे गेले नाही, ते अंगभर पसरले, आणि त्या पडण्यानेच सारे ओढवले असे घरच्यांना वाटले. डॉक्टरांनी थंड व दमट हवेला दोष दिला. कोणी गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठविले, कोणी दक्षिणेच्या उन्हात राहायला सांगितले. पण १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधील काही वैद्यकीय अभ्यासकांनी रेन्वारची पत्रे, आठवणी आणि छायाचित्रे तपासून त्याच्या आजाराचा इतिहास मांडला. त्यांच्या मते पहिली लक्षणे १८९२ च्या आसपास आली. १८९६ च्या छायाचित्रातच बोटांच्या मुळांशी सूज दिसते. म्हणजे सायकलवरून पडण्यापूर्वीच व्याधी अंगात शिरली होती.

मग ती आली कोठून? इथे चरित्राचा धागा क्षणभर बाजूला ठेवून आपल्याला शास्त्राच्या दालनात जावे लागेल.

या व्याधीचे पहिले नेटके वर्णन फ्रान्समध्येच झाले. १८०० साली लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील नऊ स्त्रियांच्या सांध्यांचा अभ्यास करून आपला प्रबंध लिहिला. ही व्याधी श्रीमंतांच्या गाउटपेक्षा वेगळी आहे हे त्याने ओळखले. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड याने तिला आजचे नाव दिले. पुढे कळले की यात सांध्यांची नुसती झीज होत नाही. परक्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला चढविते. घराचा पहारेकरीच घरच्यांवर काठी उगारतो, असा हा प्रकार.

पहारेकरी असा का चुकतो? याचा एक धागा जनुकांत सापडला. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एच. एल. ए. नावाची प्रथिने असतात. शरीरातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या खोबणीत धरून ती प्रतिकारयंत्रणेच्या पेशींना दाखवीत राहतात. कोणता तुकडा आपला आणि कोणता परका, हे त्यावरून ठरते. ही प्रथिने घडविणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसामाणसांत त्यांचे शेकडो प्रकार आढळतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पीटर स्टॅस्नी यांनी दाखविले की यांपैकी डी. आर. ४ हा प्रकार संधिवाताच्या रुग्णांत निरोगी लोकांपेक्षा पुष्कळच अधिक वेळा आढळतो. १९८७ साली ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर या तिघांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रोगाशी जोडलेले प्रकार वरवर निरनिराळे असले, तरी त्या प्रथिनाच्या साखळीत ७० ते ७४ या क्रमांकांच्या जागी असणारी पाच अमिनो आम्ले त्यांच्यात जवळजवळ सारखीच असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. हजारो अक्षरांच्या पोथीत पाच अक्षरांचा एक शब्द, आणि त्या शब्दापाशी रोगाचा कल दडलेला!

२००४ साली पी. टी. पी. एन. २२ या दुसऱ्या जनुकातील फरक उजेडात आला. हे जनुक प्रतिकारयंत्रणेच्या पेशींना आवर घालणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. त्यातील एक अक्षर बदलले की युरोपीय वंशाच्या माणसांत धोका दीड ते दोन पटींच्या आसपास वाढतो. पूर्व आशियातील लोकांत मात्र हा फरक जवळजवळ आढळतच नाही; तिथे इतर जनुकांचे पारडे जड असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात युरोपीय आणि आशियाई वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि जनुकसंचातील १०१ जागा या व्याधीशी संबंधित ठरल्या. त्यांतील बहुतेक जागांचा वाटा अगदी चिमूटभर. कोणी एक जनुक खलनायक आहे आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला रोग होणारच, असे चित्र यातून उभे राहत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा जुळ्यांचा आहे. एकरूप जुळ्या भावंडांची जनुके जवळजवळ सारखी असतात. जनुके हाच सारा निकाल असता, तर एकाला संधिवात झाल्यावर दुसऱ्याला तो शंभरांपैकी शंभर वेळा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात ब्रिटनमधील अभ्यासात तो शंभरांतून सुमारे पंधरा वेळा आढळला. भिन्नरूप जुळ्यांत हेच प्रमाण चारच्या आसपास आहे. पंधरा आणि चार यांतील अंतर जनुकांचे सामर्थ्य सांगते. पंधरा आणि शंभर यांतील अंतर त्यांची मर्यादा सांगते.

ही मर्यादा ओलांडायला बाहेरून काही तरी यावे लागते. त्यांतील सर्वांत ठळक गोष्ट तंबाखूचा धूर आहे. धुरामुळे फुप्फुसात दाह होतो आणि तिथल्या काही प्रथिनांत एक रासायनिक बदल घडतो. आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिन होते. हे बदललेले तुकडे वर सांगितलेल्या पाच अक्षरी प्रकाराच्या खोबणीत चपखल बसतात आणि पहारेकऱ्यांना परके वाटू लागतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ साली दाखविले की रोगाकडे झुकलेली जनुके आणि धूम्रपान एकत्र आले म्हणजे धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, तो कित्येक पटींनी चढतो. रक्तदात्यांचे जुने नमुने तपासल्यावर असेही कळले की या बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्ये सांधे दुखू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे रक्तात हजर असतात. व्याधी पावलांचा आवाज न करता येते.

आता पुन्हा रेन्वारकडे पाहू. त्याच्या काळी रक्ताची अशी तपासणी नव्हती. जनुक हा शब्दच १९०९ सालचा. तेव्हा त्याच्या पेशींत कोणती अक्षरे होती हे सांगण्याचा आव आणण्यात अर्थ नाही. पण त्याच्या बोटांत सिगारेट असे, हे छायाचित्रांत दिसते. थंडी, दमट हवा, सायकल, नशीब यांना दोष देणारे त्याचे आप्त आणि डॉक्टर कारणाचा एकेक तुकडाच शोधीत होते. आजचे शास्त्र सांगते की कोणत्याही एका तुकड्याने हे कोडे सुटत नाही. जन्मतः मिळालेला कल, आयुष्यात लागलेल्या सवयी आणि योगायोग या तिन्ही गोष्टींची गाठ पडावी लागते.

एवढे सारे सांगण्याचे कारण केवळ कुतूहलाचे नाही. ही व्याधी जगात साधारणपणे दर दोनशे ते शंभर प्रौढांमागे एकाला होते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे चार हजारांहून अधिक प्रौढ ग्रामस्थांची पाहणी झाली, तेव्हाही प्रमाण दर दोनशेत एकाच्या आसपासच आढळले. म्हणजे आपल्या वर्गातल्या कोणाच्या तरी आईची, आजीची किंवा मावशीची बोटे अशी वाकलेली असणारच. अशा घरात मुलीच्या मनात एक प्रश्न घर करून राहतो, आणि स्थळ पाहायला आलेले पाहुणे तोच प्रश्न आडून विचारतात : हे आनुवंशिक असते का हो? याचे प्रामाणिक उत्तर असे की कल वारशाने येतो, रोग वारशाने येत नाही. आई-वडिलांपैकी वा भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल तर धोका साधारण तिपटीने वाढतो. पण मुळातच लहान असलेल्या आकड्याची तिप्पट लहानच राहते. अशा घरांतील शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक माणसांना तो होत नाही. शिवाय धूम्रपान टाळणे आपल्या हाती असते. आनुवंशिक या एका शब्दाने कोणाच्या आयुष्यावर शिक्का मारणे शास्त्राला मान्य नाही.

आता बाजूला ठेवलेला धागा पुन्हा हाती घेऊ. कल मिळणे आपल्या हाती नसते; व्याधी जडल्यावर उरते ते माणसाचे स्वतःचे. रेन्वारने त्या उरलेल्याचे काय केले, ते पाहण्याजोगे आहे.

हातांची बोटे आखडू नयेत म्हणून तो रोज सकाळी काम सुरू करण्याआधी कातड्याचे तीन छोटे चेंडू हवेत झेलीत बसे. चेंडू निसटू लागले तेव्हा तो चेंडू-पेल्याचा खेळ खेळू लागला. तोही जमेना तेव्हा लाकडाचा छोटा ओंडका उडवून झेलू लागला. आजचे डॉक्टर ज्याला व्यायामोपचार म्हणतात, तो या माणसाने आपल्या बुद्धीने शोधून काढला होता. बोटे हळूहळू हरत होती, पण प्रत्येक हार त्याने जितकी लांबवता येईल तितकी लांबविली.

१९०३ पासून त्याचा मुक्काम दक्षिणेला, भूमध्य समुद्राजवळच्या कान्य या गावी होऊ लागला. तिथे ले कोलेत नावाची जमीन होती. तिच्यावर शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडे होती आणि ती तोडली जाण्याची वेळ आली होती. झाडे वाचावीत म्हणून रेन्वारने १९०७ साली ती जमीनच विकत घेतली आणि पुढे तेथे घर बांधले. ज्याच्या स्वतःच्या सांध्यांत गाठी धरल्या होत्या त्याला त्या गाठाळ बुंध्यांविषयी जिव्हाळा वाटला असेल, तर नवल नाही.

काठी गेली, कुबड्या आल्या; कुबड्या गेल्या, चाकाची खुर्ची आली. १९१२ साली पॅरिसमध्ये एका नामांकित डॉक्टरने त्याला पुन्हा चालविण्याचा विडा उचलला, असे सांगतात. काही आठवड्यांच्या उपचारानंतर डॉक्टरने त्याला खुर्चीतून उठविले. रेन्वार मोठ्या कष्टाने ईझलला वळसा घालून काही पावले चालला आणि परत येऊन खुर्चीत बसला. मग त्याने चालण्याचा नाद कायमचा सोडला. चालण्यासाठी सारी इच्छाशक्ती खर्ची पडणार असेल, तर चित्रासाठी काही उरणार नाही, हा त्याचा हिशेब होता. पाय आणि चित्र यांतून निवड करायची वेळ आली तेव्हा त्याने चित्र निवडले.

लोकांत एक आख्यायिका रूढ आहे की अखेरच्या काळात त्याच्या हाताला कुंचला बांधावा लागे. ती खरी नाही. हाताला पट्ट्या असत, पण त्या वेगळ्या कारणासाठी. बोटे आत वळून नखे तळव्याला रुतत आणि कातडी सोलवटे, म्हणून तळव्यात मऊ कापड ठेवलेले असे. कुंचला तो स्वतः धरी. एकदा कोणी बोटांत अडकवून दिला की पुढचे काम त्याचेच. बाकीच्या अडचणींवर त्याने कारागिराच्या अकलेने मात केली. रंगांची थाळी गुडघ्यांवर ठेवलेली असे. मोठ्या चित्रासाठी कॅनव्हास रुळांवर गुंडाळून सरकविण्याची सोय केलेली होती. ज्या भागावर काम करायचे तो भाग हाताच्या टप्प्यात आणला जाई. हात चित्रापर्यंत पोहोचत नव्हता, तेव्हा चित्र हातापर्यंत आले. कुंचल्याचे फटकारे आखूड न होता अधिक लांब आणि सैल झाले, रंग पातळ आणि लालसर झाले.

१९१३ साली कलाविक्रेता व्होलार याच्या सूचनेवरून त्याने शिल्पकलेत पाऊल टाकले. ज्याला मातीचा गोळा दाबता येत नव्हता त्याने शिल्प करावे, हे ऐकून कोणीही हसले असते. रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्याच्या सांगण्याप्रमाणे माती घडवी. रेन्वार खुर्चीत बसून इथे भर घाल, तिथे कमी कर असे सुचवी. यातून व्हीनसची भव्य मूर्ती निर्माण झाली. याच्या श्रेयाचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि १९७३ साली गिनोला सहकर्ता म्हणून कायदेशीर मान्यता मिळाली. हेही योग्यच झाले. रेन्वारच्या जिद्दीचे गुणगान करताना त्याला हात उसने देणाऱ्यांना विसरणे बरे नव्हे. कुंचला बोटांत बसवून देणारी मुले, रंग मांडणारी आणि चित्रांसाठी तासन्‌तास बसणारी गाब्रिएल, खुर्ची ऑलिव्हच्या सावलीत उचलून नेणारी माणसे, या सर्वांचा त्या चित्रांत वाटा आहे.

शरीराने पुरता छळ मांडलेला असताना महायुद्धाने घराला गाठले. थोरला प्येअर आणि मधला जाँ दोघेही आघाडीवर गंभीर जखमी झाले. जाँचा पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. आलीन स्वतः मधुमेहाने खंगलेली. तरी ती मुलाला पाहायला इस्पितळात धावली आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत, जून १९१५ मध्ये, मरण पावली. त्यानंतरही रेन्वारने काम थांबविले नाही. १९१७ च्या अखेरीस मातीस हा पुढच्या पिढीचा चित्रकार त्याला भेटायला आला आणि मग येतच राहिला. त्या वाकलेल्या हातांतून उतरणारे रंग पाहून तो थक्क होई.

१९१८-१९ मध्ये रेन्वारने आपले अखेरचे मोठे चित्र पूर्ण केले. झाडीत विसावलेल्या स्नानसुंदरींचे हे चित्र त्याच्या मुलांनी १९२३ साली फ्रेंच राष्ट्राला दिले. १९१९ च्या उन्हाळ्यात त्याला खुर्चीत बसवून लूव्र संग्रहालयाच्या दालनांतून फिरविण्यात आले. चिनी मातीच्या कारखान्यातला पोरगा जिथे जुन्या चित्रकारांपुढे उभा राहून शिकला, तिथेच तो आता मान्यवर म्हणून आला होता. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी कान्य येथे फुप्फुसाच्या दाहाने त्याचे निधन झाले. वय अठ्ठ्याहत्तर. अगदी अखेरच्या दिवसांतही तो फुलांचे चित्र काढण्यात गुंतला होता असे सांगतात.

त्याच्या मुलाचे नाव मात्र आपल्या देशाशी जोडले गेले. पाय वाचलेला जाँ रेन्वार पुढे जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक झाला, आणि गंगेच्या काठावर, बंगालमध्ये त्याने चित्रित केलेला ‘द रिव्हर’ हा चित्रपट १९५१ साली पडद्यावर आला. त्या निमित्ताने कलकत्त्यात त्याची गाठ पडलेला एक तरुण म्हणजे सत्यजित राय. पित्याने रंगांत पकडलेला नदीवरचा प्रकाश पुत्राने फिल्मवर पकडला. हा वारसाही म्हटला तर वारसाच. पण तो गुणसूत्रांतून आला की कान्यच्या घरात रोज पाहिलेल्या त्या हातांतून, याचा निवाडा कोणती प्रयोगशाळा करणार?

रेन्वारच्या काळी या व्याधीवर खरे औषध नव्हते. कॉर्टिसोनचा उपयोग १९४८ साली कळला, मेथोट्रेक्सेटचा सर्रास वापर १९८० च्या दशकात सुरू झाला, आणि शतक संपता संपता प्रतिकारयंत्रणेच्या नेमक्या दुव्यावर बोट ठेवणारी औषधे हाती आली. आज वेळीच निदान आणि उपचार झाले, तर बहुतेकांची बोटे रेन्वारसारखी वाकण्यापासून वाचविता येतात. म्हणून घरातील कोणी सकाळी उठल्यावर तासभर हात आखडल्याची तक्रार करू लागले, तर वाताचे दुखणे म्हणून तेल चोळीत न बसता डॉक्टरांकडे नेणे हे आपले काम.

रेन्वारचे चरित्र वाचताना व्याधीने त्याला मोठे केले असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. व्याधीने त्याला नुसते छळले. ती नसती तर त्याने आणखी कितीतरी चित्रे काढली असती. मोठा तो आधीच होता. जनुकांनी फार तर त्याच्या सांध्यांकडे जाणारी एक वाट उघडी ठेवली. तीन चेंडू झेलणे, ऑलिव्हची झाडे वाचविणे, चालण्यावर पाणी सोडून चित्र निवडणे, या गोष्टी त्याच्या कोणत्याही गुणसूत्रावर लिहिलेल्या नव्हत्या. त्या त्याने रोज नव्याने ठरविल्या, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणतीही व्याधी त्याच्या हातून काढून घेऊ शकली नाही.